‘जमल्यास टेकडी घ्या’ : गेटिसबर्गच्या फौजा आणि त्यांचे हुकूम



अमेरिकेच्या यादवी युद्धावर बोलायचं म्हटलं की गेटिसबर्ग टाळता येत नाही. आणि गेटिसबर्ग म्हटलं की सगळे थेट तिसऱ्या दिवशीच्या चढाईवर जातात. उघड्या शेतांतून बारा-साडेबारा हजार माणसं चालत गेली, तोफांनी त्यांना कापून काढलं, दक्षिणेची बाजी उलटली. ही गोष्ट खोटी नाही. पण मला त्या लढाईतली पहिल्या दिवसाची संध्याकाळ जास्त टोचते. तिथे फार गोळीबार नाही, शौर्यही नाही. एक लंगडा जनरल घोड्यावर बसून समोरच्या टेकडीकडे बघतोय आणि काय करावं हे त्याला ठरवता येत नाहीये.

तारीख १ जुलै १८६३. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं, जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. दहा रस्ते या गावात येऊन मिळतात, म्हणून दोन्ही फौजा इथे येऊन आदळल्या. ठरवून कोणीच आलं नव्हतं. दुपारपर्यंत उत्तरेच्या दोन कोअर मोडल्या होत्या. त्यांची माणसं गावाच्या गल्ल्यांमधून पळत दक्षिणेकडच्या टेकडीवर चढत होती, हजारोंनी कैद झाली होती. त्या टेकडीवर गावाची दफनभूमी होती, म्हणून तिचं नाव सेमेटरी हिल. दक्षिणेचा सरसेनापती रॉबर्ट ली समोरच्या उंचवट्यावरून हे सगळं बघत होता. टेकडी आपल्या हातात यायला हवी, हे त्याला कळलं. त्याने आपल्या दुसऱ्या कोअरचा कमांडर रिचर्ड यूएल याच्याकडे स्टाफ ऑफिसर पाठवला. निरोपाचा अर्थ असा : जमण्यासारखं असेल तर टेकडी घ्या, पण बाकीची फौज येईपर्यंत मोठी लढाई अंगावर घेऊ नका.

मंडळी, हा हुकूम पुन्हा एकदा ऐका. टेकडी घ्या. जमलं तर. पण मोठी लढाई नको. एका वाक्यात तीन गोष्टी, आणि तिसरी पहिलीला खोडून काढते.

यूएलने पाहिलं. त्याच्या दोन डिव्हिजन दिवसभर लढून विस्कळीत झाल्या होत्या, तिसरी अजून वाटेत होती. बाजूने शत्रू येतोय अशी खबर होती. ती पुढे खोटी ठरली, पण तेव्हा ते कोणाला माहीत होतं? टेकडीवर तोफा दिसत होत्या. त्याने मदत मागितली, ती मिळाली नाही. अंधार पडला. रात्रीत उत्तरेच्या आणखी कोअर येऊन बसल्या आणि पुढचे दोन दिवस दक्षिणेने हजारो माणसं त्याच उंचवट्यांवर घालवली. युद्धानंतर दक्षिणेतल्या जुन्या अधिकाऱ्यांनी यूएलच्या नावाने बोटं मोडली. जॅक्सन असता तर टेकडी घेतली असती, हे वाक्य तर इतक्या वेळा लिहिलं गेलंय की ते आता पुरावा असल्यासारखंच वापरलं जातं.

माझं मत वेगळं आहे. ते सांगण्याआधी फौज कशी रचलेली होती ते बघावं लागेल, कारण चूक टेकडीपाशी झाली नाही. ती महिनाभर आधी, कागदावर झाली.

त्या काळच्या रचनेचा सगळ्यात खालचा दगड म्हणजे रेजिमेंट. दहा कंपन्या, कागदावर हजार माणसं. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या लढाया आणि आजारांनंतर गेटिसबर्गला एकेका रेजिमेंटमध्ये साडेतीनशेच्या आसपास माणसं उरली होती, काहींत तर दोनशेच. आपल्या आजच्या पायदळ बटालियनच्या निम्म्याहून कमी. चार-पाच रेजिमेंटची ब्रिगेड, काही ब्रिगेडची डिव्हिजन, काही डिव्हिजनची कोअर. इथवर दोन्ही बाजू सारख्या. वरचा मजला मात्र वेगळा होता. लीच्या सुमारे सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या फौजेत पायदळाच्या फक्त तीन कोअर होत्या, प्रत्येकी वीस हजारांच्या वर. उत्तरेच्या नव्वद हजारांच्या फौजेत सात कोअर, त्यातल्या बऱ्याचशा नऊ ते तेरा हजारांच्या. म्हणजे दक्षिणेची एक डिव्हिजन उत्तरेच्या दोन डिव्हिजनच्या तोलाची. पुस्तकात ‘डिव्हिजन विरुद्ध डिव्हिजन’ वाचून नवखा माणूस इथेच फसतो.

वायरलेस नव्हता. तार होती, पण ती रणांगणावर धावणाऱ्या सेनापतीच्या मागे येत नसे. झेंड्यांनी खुणा करत, त्या धुरात दिसल्या तर दिसल्या. बाकी सगळा कारभार घोडेस्वार आणि त्याच्या खिशातली चिठ्ठी यांच्यावर. चिठ्ठी पोचायला अर्धा तास, उत्तर यायला अर्धा तास, आणि तोपर्यंत परिस्थिती बदललेली. अशा वेळी वरचा माणूस खालच्याला काय सांगतो आणि खालचा त्यातून काय समजतो, यावरच फौज चालते.

मे महिन्यापर्यंत लीच्या फौजेत दोनच कोअर होत्या. एक जेम्स लाँगस्ट्रीटकडे, दुसरी थॉमस जॅक्सनकडे, ज्याला सगळं जग ‘स्टोनवॉल’ म्हणतं. या दोघांना ली मोघम हुकूम देत असे आणि ते पुरत असे. विशेषतः जॅक्सनला. लीच्या मनात काय आहे हे त्याला अर्ध्या वाक्यात कळायचं, आणि ‘जमलं तर’ याचा अर्थ तो ‘कराच’ असा घ्यायचा. २ मे रोजी चान्सलर्सव्हिलला अंधारात त्याच्याच माणसांनी शत्रू समजून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हात कापावा लागला, न्यूमोनिया झाला आणि १० मे रोजी तो गेला.

लीने मग फौज नव्याने रचली. त्याने राष्ट्राध्यक्ष डेव्हिसला कळवलं की तीस हजारांची कोअर झाडाझुडपांच्या मुलखात एका माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे, तिच्या सगळ्या भागांवर त्याची नजर राहत नाही. विचार अगदी बरोबर होता. दोनाच्या तीन कोअर केल्या. लाँगस्ट्रीट कायम राहिला. दुसरी कोअर यूएलकडे आली. आदल्या ऑगस्टमध्ये पाय गमावून तो नुकताच लाकडी पायावर परतला होता. तिसरी नवी कोअर ए. पी. हिलकडे गेली. तो डिव्हिजनचा तडफदार कमांडर होता, पण कोअर चालवण्याचा त्याला फारसा अनुभव नव्हता. खाली डिव्हिजन कमांडर म्हणून हेथ आणि पेंडर नवे, जॉन्सन या फौजेतच नवा. तोफखानाही कोअरनिहाय वाटून दिला आणि मध्यवर्ती राखीव तोफखाना मोडला.

एका महिन्यात तिघांपैकी दोन कोअर कमांडर नवे झाले. लीने नकाशा बदलला, माणसं बदलली. बदलली नाही ती फक्त हुकूम द्यायची पद्धत. जॅक्सनला जसं सांगायचा तसंच तो यूएलला सांगत राहिला. आणि यूएल आदल्या वर्षी काही महिने जॅक्सनच्या हाताखाली लढलेला होता. जॅक्सन आपल्या कमांडरांना काहीच समजावून सांगत नसे. सांगितलं तेवढंच करा, प्रश्न विचारू नका, हा त्याचा खाक्या. अशा माणसाच्या हाताखाली तयार झालेल्याला अचानक ‘तुमच्या विचाराने करा’ असं सांगितलं की तो हातातला कागदच परत परत वाचत बसतो.

इथे एक माझी गोष्ट सांगतो, फुशारकीची नाही. कंपनी कमांडर असताना वाळवंटातल्या एका सरावात सीओ साहेबांनी रेडिओवर सांगितलं, शक्य असेल तर अंधाराच्या आत समोरचं टेकाड घे. मी दुर्बीण लावली. माझी एक प्लाटून मागे वाळूत अडकलेली, समोर ‘शत्रू’च्या गाड्यांची धूळ. मी गेलो नाही. रात्री तंबूत आढावा झाला तेव्हा साहेब म्हणाले, टेकाड घ्यायला सांगितलं होतं ना? मी म्हणालो, सर, शक्य असेल तर म्हणाला होतात. तंबूत कोणी काही बोललं नाही. साहेबांना टेकाड हवंच होतं, आणि मला वाटलं होतं की ते मला सावध राहायला सांगताहेत. चूक माझी होती हे मी तेव्हाही मानलं, आजही मानतो. फक्त यूएलविषयी वाचताना माझं बोट त्याच्याकडे पटकन वळत नाही, याचं कारण तो तंबू आहे.

तोच ‘जमल्यास’ आठवडाभर आधी आणखी एका माणसाला मिळाला होता. लीच्या घोडदळाचा प्रमुख जेब स्टुअर्ट. घोडदळ म्हणजे त्या काळचे डोळे. लीने त्याला लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की अडथळा न येता शत्रूच्या फौजेला वळसा घालून जाता येईल का ते तुम्हीच ठरवा, आणि मग यूएलच्या उजव्या बगलेला जाऊन मिळा. स्टुअर्टला अशा वळशांची हौसच होती. २५ जूनला तो आपल्या उत्तमातल्या तीन ब्रिगेड घेऊन निघाला. वाटेत उत्तरेची फौजच आडवी आली, वळसा लांबत गेला. २८ तारखेला वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिल इथे त्याने सव्वाशे गाड्यांचा तांडा पकडला आणि तो बरोबर घेऊन चालत राहिला. घोड्यांच्या वेगाने निघालेला माणूस खेचरांच्या वेगाने चालू लागला. तो गेटिसबर्गला पोचला २ जुलैच्या दुपारी. तोपर्यंत ली शत्रूच्या मुलखात जवळजवळ आंधळा होता. उत्तरेची फौज पोटोमॅक नदी ओलांडून आली आहे, हे त्याला २८ जूनच्या रात्री लाँगस्ट्रीटच्या एका गुप्तहेराकडून कळलं. मागे दोन घोडदळ ब्रिगेड होत्या, पण त्यांना पुढे बोलावून वापरणं लीला सुचलं नाही किंवा जमलं नाही. स्टुअर्टला शिव्या देताना लोक ही बाब विसरतात.

आता पलीकडे जाऊ. उत्तरेच्या फौजेची रचना सुंदर होती असं कोणी म्हणू नये. सात कोअर, वर घोडदळाची एक, शिवाय राखीव तोफखाना, आणि हे सगळे थेट एका माणसाकडे येणार. रोज सकाळी नऊ तोंडं ‘काय करू?’ म्हणून विचारणार. त्यात २८ जूनच्या पहाटे, लढाईच्या तीन दिवस आधी, सेनापतीच बदलला. वॉशिंग्टनहून आलेल्या अधिकाऱ्याने जॉर्ज मीडला तंबूत झोपेतून उठवलं. मीडला वाटलं, आपल्याला अटक करायला आलाय. त्याच्या हातात हूकरच्या जागी फौजेचा ताबा घेण्याचा हुकूम पडला. त्याला हूकरच्या योजना नीट माहीत नव्हत्या. चीफ ऑफ स्टाफ हूकरचा, बटरफिल्ड. बदलायला वेळ नव्हता म्हणून तसाच ठेवला.

पण त्या हुकमाबरोबर सरसेनापती हॅलेकचं पत्र होतं आणि माझ्या मते मीडच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार तेच. ज्याला वाटेल त्याला काढ, ज्याला वाटेल त्याला सेवाज्येष्ठता न बघता नेम, अशी पूर्ण मोकळीक. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत होते त्यांना ज्येष्ठता यादीचं वजन सांगायला नको.

१ जुलैला सकाळी त्याच्या डाव्या विंगचा प्रमुख रेनॉल्ड्स गोळी लागून गेला. विंग म्हणजे तीन कोअरचा तात्पुरता गट. तो माणूस म्हणजे मीडचा उजवा हात. मीड तेव्हा बारा-तेरा मैल दूर, मेरीलँडमध्ये टेनीटाऊनला होता. त्याने दुसऱ्या कोअरच्या हॅनकॉकला बोलावलं आणि सांगितलं, तू जा, तिथल्या सगळ्यांचा ताबा घे, आणि ती जागा लढण्यासारखी आहे का ते मला कळव. हॅनकॉक हा तिथे हजर असलेल्या हॉवर्डपेक्षा कनिष्ठ होता. टेकडीवर दोघांची थोडी बोलाचाली झालीच. हॉवर्डचा मान दुखावला, पण काम झालं. एकाने रस्त्याच्या एका बाजूच्या रेजिमेंट लावल्या, दुसऱ्याने दुसऱ्या. हॉवर्डनेही आधीच एक शहाणपण केलं होतं. गावाकडे लढायला जाताना त्याने एक डिव्हिजन त्या टेकडीवर राखून ठेवली होती. यूएलला दिसलेल्या तोफा आणि माणसं ती. रात्री मीडने आणखी एक ज्येष्ठता मोडली. पहिल्या कोअरची सूत्रं दिवसभर लढलेल्या डबलडेकडून काढून न्यूटनला दिली. डबलडे जन्मभर चिडून राहिला, आणि त्याच्यावर अन्याय झाला असं मलाही वाटतं.

बघा, हॅनकॉकला दिलेलं कामही ‘तू बघ आणि ठरव’ या जातीचंच होतं. म्हणजे खालच्याला मोकळीक देणं हा दोष नव्हे. पण हॅनकॉकला काय शोधायचं ते माहीत होतं, कोणावर त्याचा हुकूम चालेल ते माहीत होतं, आणि कळवायचं कोणाला तेही. यूएलला यातली एकही गोष्ट स्वच्छ नव्हती.

दुसरा दिवस. उत्तरेची फौज आता माशाच्या गळासारख्या आकारात बसली होती. गळाचा वाक म्हणजे कल्प्स हिल आणि सेमेटरी हिल, दांडा दक्षिणेकडे, आणि टोकाला लिटल राउंड टॉप नावाची खडकाळ टेकडी. ही ओळ सुमारे तीन मैलांची. दक्षिणेची फौज तिला बाहेरून वेढून, तिची ओळ पाच मैलांच्या वर. मीडचा घोडेस्वार एका टोकाकडून दुसऱ्याकडे मधूनच जायचा, लीच्याला सगळा फेरा मारावा लागायचा. लीची पद्धत मोघम, आणि त्याचं मैदानही मोघमपणाला सगळ्यात वाईट.

लीला लाँगस्ट्रीटने डावीकडून उत्तरेची बगल मोडायला हवी होती, त्याच वेळी यूएलने दुसऱ्या टोकाला दाबायचं, हिलने मध्ये मदत करायची. सकाळी एका कॅप्टनने टेहळणी करून सांगितलं की तिकडे शत्रू नाही. लाँगस्ट्रीटला हा बेतच पसंत नव्हता. त्याची माणसं शत्रूच्या खुणा-चौकीला दिसू नयेत म्हणून एका वाटेने गेली, पुन्हा मागे फिरली, दुसऱ्या वाटेने आली. हल्ला सुरू व्हायला दुपारचे चार वाजले. मग ली काय करत होता? त्याच्याबरोबर फ्रीमँटल नावाचा ब्रिटिश अधिकारी होता, पाहुणा म्हणून आलेला. त्याने लिहून ठेवलंय की तोफा धडाडत असतानाच्या त्या सगळ्या वेळात लीने फक्त एक निरोप पाठवला आणि त्याच्याकडे फक्त एक खबर आली. स्वतः ली एका प्रशियन अधिकाऱ्याला म्हणाला होता की फौज योग्य वेळी योग्य जागी आणून ठेवणं हे माझं काम, पुढचं देवाच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती.

त्या संध्याकाळी हल्ला लाटेसारखा एकामागून एक ब्रिगेडने सरकत जायचा होता, उजवीकडून डावीकडे. हिलच्या कोअरमधल्या अँडरसनच्या डिव्हिजनपर्यंत लाट आली आणि तिथे फुटली. तीन ब्रिगेड गेल्या, चौथी अर्धवट, पाचवी महोनची जागची हललीच नाही. का हलली नाही हे ना अँडरसनने बघितलं, ना हिलने. पुढच्या पेंडरला तोफगोळ्याचा तुकडा लागला, त्यातच तो पुढे गेला. यूएलने उजेड संपताना हल्ला केला, तोवर लाँगस्ट्रीटकडची लढाई थंडावत होती. तीन कोअर, तीन वेगवेगळ्या लढाया.

उत्तरेकडे त्या दिवशी गोंधळ काही कमी नव्हता. तिसऱ्या कोअरचा सिकल्स हा पेशाने वकील आणि राजकारणी. त्याला दिलेली जागा आवडली नाही म्हणून त्याने कोणालाही न विचारता आपली सगळी कोअर अर्धा मैल पुढे नेऊन ठेवली, आणि तिथे ती चिरडली गेली. स्लोकमला वाटत होतं की आपण अजून उजव्या विंगचे प्रमुख आहोत, म्हणून त्याने आपली कोअर विल्यम्सकडे दिली होती. मीडच्या मनात असं काही नव्हतं. रात्रीच्या बैठकीला दोघेही हजर. पण भगदाड दिसलं की भरणारी माणसं होती. फौजेचा मुख्य इंजिनिअर वॉरन लिटल राउंड टॉपवर चढला तर तिथे खुणा करणारे चार लोक सोडून कोणी नाही आणि खाली दक्षिणेच्या संगिनी चमकताहेत. त्याने स्वार पाठवले. मदत मागणारा स्वार डिव्हिजन कमांडरला शोधत निघाला होता. वाटेत ब्रिगेड कमांडर व्हिन्सेंटने त्याला थांबवून विचारलं, काय हुकूम आहे? आणि डिव्हिजनची वाट न बघता, जबाबदारी स्वतःवर घेऊन आपली ब्रिगेड टेकडीवर नेली. तो तिथेच जबर जखमी होऊन काही दिवसांनी वारला. लोकांना चेंबरलेन आणि त्याची मेनची विसावी रेजिमेंट आठवते, तीही योग्यच, पण तिला तिथे नेणारा व्हिन्सेंट होता.

सिकल्सचा पाय गेल्यावर मीडने त्याच्या मोडक्या कोअरचाही ताबा हॅनकॉककडे दिला. मधली फट भरायला वेळ हवा होता म्हणून हॅनकॉकने समोर दिसलेल्या पहिल्या मिनेसोटा रेजिमेंटला चढाईला सोडलं. सुमारे २६० माणसं, त्यातली दोनशेहून जास्त पडली. हा हुकूम देताना त्याला काय होणार हे ठाऊक होतं. त्या हुकमात ‘जमल्यास’ नव्हतं. असे हुकूमही युद्धात द्यावे लागतात, आणि ते ऐकणारेही भेटतात, हे मी अभिमानाने सांगत नाही, नुसतं सांगतोय.

कल्प्स हिलवरून जवळजवळ सगळी बारावी कोअर मदतीला दुसऱ्या टोकाकडे गेली तेव्हा मागे ग्रीनची एकच ब्रिगेड उरली, सुमारे चौदाशे माणसं. ग्रीन ६२ वर्षांचा, मूळचा इंजिनिअर. माझ्याच वयाचा म्हातारा, म्हणून मला तो आवडतो. त्याने सकाळीच ओंडके आणि मातीची आडभिंत बांधून घेतली होती, इतरांना ते फाजील काम वाटत असताना. रात्री जॉन्सनच्या डिव्हिजनच्या तीन ब्रिगेड त्या भिंतीवर येऊन अडल्या.

त्या रात्री एका विधवेच्या दोन खोल्यांच्या घरात मीडने आपल्या सेनापतींना बसवलं. तीन प्रश्न विचारले : थांबायचं की मागे सरायचं, हल्ला करायचा की बचाव, आणि थांबायचं तर किती वेळ? प्रत्येकाने उत्तर दिलं, बटरफिल्डने लिहून घेतलं. थांबायचं ठरलं. पुढे मीडच्या विरोधकांनी याला भित्रेपणा म्हटलं. मला ते पटत नाही. चार दिवसांपूर्वी फौज हाती आलेल्या माणसाने त्या खोलीत निदान एवढं केलं की सगळे एकाच लढाईबद्दल बोलू लागले. शार्प नावाच्या कर्नलच्या छोट्या हेरखात्याने कैद्यांची रेजिमेंट विचारून विचारून हिशेब मांडला होता की लीच्या पायदळातली पिकेटची डिव्हिजन तेवढी अजून लढलेली नाही. म्हणजे उद्या कोण येणार हेही माहीत होतं.

तिसरा दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण ती चढाई तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. फक्त तिची रचना बघा. नऊ ब्रिगेड. त्यातल्या पिकेटच्या तीन, बाकी सहा हिलच्या कोअरमधल्या. पण सगळ्यांवर हुकूम लाँगस्ट्रीटचा. हिलच्या सहांमधल्या चार हेथच्या डिव्हिजनच्या. हेथ पहिल्या दिवशी जखमी झाला होता आणि ती डिव्हिजन त्याच दिवशी भरडून निघाली होती. तिच्यावर आता पेटिग्र्यू. उरलेल्या दोनांवर ट्रिंबल, त्याला ताबा त्याच दिवशी मिळालेला. या ब्रिगेडमध्ये किती दम उरलाय हे कोणी जाऊन पाहिलं नाही. लाँगस्ट्रीटला वाटलं ते हिलचं काम, हिलला वाटलं आता ते लाँगस्ट्रीटचं. तिकडे यूएलच्या माणसांनी कल्प्स हिलवर पहाटेच लढाई सुरू केली होती आणि चढाई निघायच्या आधीच ती संपली होती.

आणि इथे तिसरा ‘जमल्यास’ येतो. लाँगस्ट्रीटने आपल्या बहुतेक तोफा २८ वर्षांच्या कर्नल अलेक्झांडरच्या हाती दिल्या होत्या. तोफमारा सुरू व्हायच्या आधी त्याला चिठ्ठी आली. आशय असा, की तोफांचा परिणाम झाला नाही तर पिकेटला चढाई करू नकोस असा सल्ला तू द्यावास हे बरं, मी तुझ्या निर्णयावर विसंबून आहे. कोअर कमांडरला नको असलेला निर्णय एका कर्नलच्या गळ्यात. अलेक्झांडरने सभ्य शब्दांत परत केला : परिणाम मला फक्त शत्रूच्या उत्तरावरून कळेल, आणि दुसरा काही पर्याय असेल तर तो तोफा सुरू करायच्या आधीच तपासा, कारण दारूगोळा एकदाच पुरेल एवढाच आहे. दुपारी एकच्या सुमारास सुमारे दीडशे तोफा सुरू झाल्या. बरेच गोळे टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे गेले. दारूगोळ्याच्या गाड्या पेंडल्टनने मागे हलवलेल्या. तो नावाला तोफखानाप्रमुख, पण राखीव तोफखाना मोडल्यावर हातात फारसं काही नसलेला. अलेक्झांडरने पिकेटला लिहिलं, यायचं तर लवकर या. पिकेटने लाँगस्ट्रीटला विचारलं, जाऊ? लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याने फक्त मान हलवली.

समोर उत्तरेचा तोफखानाप्रमुख हेन्री हंट. मे महिन्यात हूकरने त्याच्याकडून रणांगणावरचा अधिकार काढून घेतला होता आणि चान्सलर्सव्हिलला त्याची किंमत मोजली होती. त्यानंतर प्रत्येक कोअरला एक तोफखाना ब्रिगेड आणि मध्ये मोठा राखीव तोफखाना अशी मांडणी झाली. हंटने आणखी एक गोष्ट हूकरच्या नकळत करून ठेवली होती. दर तोफेमागे वीस जादा गोळ्यांचा दारूगोळा घेऊन चालणारा एक वेगळा तांडा. ३ जुलैला तोफमारा चालू असताना त्याने आपल्या तोफा हळूहळू गप्प केल्या, चढाईसाठी गोळे राखायला. हॅनकॉकला हे आवडलं नाही. पायदळाचा धीर सुटू नये म्हणून तोफा वाजत राहिल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या कोअरच्या तोफा त्याचं ऐकून मारत राहिल्या. राखीव तोफखान्यातल्या मॅकगिल्व्हरीने हॅनकॉकला ठामपणे सांगितलं की मी हंटच्या हुकमाखाली आहे, आणि गोळे राखले. चढाई आली तेव्हा मॅकगिल्व्हरीच्या तोफांनी पिकेटच्या माणसांना बाजूने झोडलं, आणि हॅनकॉकच्या समोरच्या तोफांकडे लांब पल्ल्याचे गोळे उरले नव्हते. त्या एका वादावर पुढे वीसेक वर्षं लेख लिहिले गेले. मी पायदळवाला असून हंटच्या बाजूचा आहे.

अर्ध्याहून अधिक माणसं परत आली नाहीत. पिकेटचे तिन्ही ब्रिगेड कमांडर पडले : गार्नेट जागीच गेला, आर्मिस्टेड दोन दिवसांनी, केंपर जखमी होऊन कैदेत. तीन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली वा बेपत्ता. ली ४ जुलैच्या संध्याकाळी माघारी निघाला आणि १४ जुलैला पोटोमॅक ओलांडून गेला. मीडने पाठलाग ढिला केला म्हणून लिंकनने त्याला कडक पत्र लिहिलं, पण पाठवलं नाही.

पुढच्या वर्षी दोन्ही फौजांनी आपापल्या परीने हिशेब केला. मार्च १८६४ मध्ये मीडच्या फौजेतल्या लहान कोअर मोडून तीन मोठ्या करण्यात आल्या. लीने ऑगस्ट १८६३ मध्ये राजीनामा दिला, तो डेव्हिसने घेतला नाही. रचना लीने बदलली नाही, पण हुकूम देण्याची पद्धत बदलली. ६ मे १८६४ ला वाइल्डरनेसच्या जंगलात हिलची ओळ फुटली तेव्हा ली स्वतः टेक्सासच्या ब्रिगेडबरोबर पुढे निघाला होता. शिपायांनी त्याच्या घोड्याचा लगाम धरून त्याला मागे वळवलं. त्याच दिवशी लाँगस्ट्रीटला त्याच्याच बाजूच्या गोळ्या लागल्या, दोन दिवसांनी हिल आजारी पडून बाजूला झाला, आणि महिना संपता संपता लीने यूएलला कोअरवरून उतरवून रिचमंडच्या संरक्षणावर पाठवलं.